व्यावसायिक प्रशिक्षण संस्था कायदेशीर अडचणीत आली, तर भरलेल्या शुल्काचे काय?

नर्सिंग, हॉटेल व्यवस्थापन, जहाजावरील कामाचे प्रशिक्षण अशा अभ्यासक्रमांसाठी महाराष्ट्रातून चेन्नईला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पूर्ण शुल्क एकरकमी भरतात. नंतर संस्थेची मान्यता रद्द झाली, संचालकांवर गुन्हा दाखल झाला किंवा संस्था दिवाळखोरीत निघाली, तर वर्ग थांबतात आणि पैसे अडकतात. ते परत मिळवण्याचा मार्ग संस्था नेमकी कोणत्या प्रकारची होती, यावर बराचसा अवलंबून असतो.

मान्यता, संलग्नता, नोंदणी

माहितीपत्रकात हे तीन शब्द शेजारी-शेजारी छापलेले असतात. त्यांचा अर्थ मात्र एक नाही. नोंदणी म्हणजे ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी म्हणून झालेली नोंद. तिचा अभ्यासक्रमाच्या दर्जाशी संबंध नाही. संलग्नता विद्यापीठ किंवा परीक्षा मंडळ देते. मान्यता त्या-त्या विषयाची नियामक संस्था देते : नर्सिंगसाठी परिचर्या परिषद, जहाजावरील प्रशिक्षणासाठी नौवहन महासंचालनालय. नुसते ‘शासनमान्य’ लिहिलेले असेल, तर कोणत्या कार्यालयाची मान्यता, आदेश क्रमांक काय आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे लेखी मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे भरू नका.

दोन निकाल

पाटण्याच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजने संलग्नता व मान्यता असल्याचे भासवून प्रवेश दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे विद्यार्थी ‘ग्राहक’ असल्याचे मानले आणि शुल्क परत करण्याचा व भरपाईचा आदेश कायम ठेवला.

तमिळनाडूतील प्रकरणाचा निकाल वेगळा लागला. सेलमच्या विनायक मिशन विद्यापीठाविरुद्ध विद्यार्थ्यांनी केलेल्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २० जानेवारी २०२० रोजी निर्णय दिला : व्यावसायिक अभ्यासक्रमांसह शिक्षण देणाऱ्या संस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, खासगी कोचिंग क्लास मात्र येतात. याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले. त्यामुळे मान्यताप्राप्त संस्थेविरुद्ध ग्राहक आयोगात गेल्यास ‘हे प्रकरण इथे चालत नाही’ असा आक्षेप पहिल्याच तारखेला येऊ शकतो. अशा वेळी नियामक संस्थेकडे लेखी तक्रार आणि दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय हे मार्ग उरतात. मान्यता नसताना ती असल्याचे सांगितले गेले असेल, किंवा संस्था कोचिंग क्लास असेल, तर ग्राहक आयोगात आपली बाजू अधिक भक्कम राहते.

तक्रार कुठे करावी

संस्था चेन्नईत असली तरी चेन्नईतच खेटे घालावे लागतील असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. सोलापूरचा विद्यार्थी सोलापुरात करू शकतो. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या तोंडी आश्वासनांवर विसंबून ती संपू देऊ नका. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) मराठीत बोलता येते.

फसवणुकीचा गुन्हाही आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. तो संबंधित ठाण्याकडे पाठवला जातो. पण पोलीस तक्रार केली म्हणजे पैसे आपोआप परत येतील, असे समजू नका. परताव्याची मागणी वेगळी करावी लागते.

संस्था कंपनी असेल आणि दिवाळखोरीत गेली

कंपनी विधी न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतले की त्या कंपनीविरुद्धचे इतर दावे तेवढ्या काळापुरते थांबतात, ग्राहक आयोगातले सुद्धा. न्यायाधिकरणाने नेमलेली व्यक्ती जाहीर सूचना काढून देणेकऱ्यांकडून दावे मागवते. शुल्क अडकलेल्यांनी पावत्या जोडून, सूचनेतील मुदतीच्या आत दावा नोंदवावा. ‘बायजूज’च्या मूळ कंपनीविरुद्ध बेंगळुरूच्या न्यायाधिकरणात १६ जुलै २०२४ रोजी अशी प्रक्रिया सुरू झाली. बँकांसारखे मोठे देणेकरी असताना पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही; दावाच केला नाही, तर मात्र हाती काही लागणे कठीण. ट्रस्ट किंवा सोसायटीच्या संस्थांना ही प्रक्रिया लागू होत नाही.

हप्ते, कर्ज आणि शिष्यवृत्ती

अडचणीची बातमी कळताच पुढचा हप्ता थांबवा आणि कारण लेखी कळवा. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे पाठवू नका, ‘संस्थेचे खाते गोठले आहे म्हणून’ असे सांगितले तरी. संस्था बंद पडली म्हणून शैक्षणिक कर्ज माफ होत नाही. परंतु उरलेली रक्कम संस्थेला देऊ नये, असे पत्र बँकेला आजच द्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. शिष्यवृत्ती घेत असाल, तर ती मंजूर करणाऱ्या विभागालाही कळवा, म्हणजे पुढे वसुलीची नोटीस आल्यास आपल्याकडे पुरावा राहील. प्रधानमंत्री कौशल विकास योजना आणि दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना यांतील प्रशिक्षण उमेदवारासाठी मोफत असते. तिथे शुल्क मागणे हीच तक्रारीची बाब आहे.

पावत्या, प्रवेशपत्र, माहितीपत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश जपून ठेवा. पावती तमिळमध्ये असली तरी चालते. भाषांतर नंतर जोडता येते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न गटातील अर्जदारांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० वर संपर्क साधावा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. तमिळनाडू राज्य प्राधिकरणाचे कार्यालय मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात आहे.