छपराचा घाम

साठवणीच्या छपराला आतून पाणी सुटण्याची कटकट आंबेगाव तालुक्यातल्या पेठ गावात आणि सातगाव पठारावर वाढली ती पत्र्याबरोबर. पठाराचे मुख्य पीक पावसावरचा खरीप बटाटा. पूर्वी या भागात रब्बीचा बटाटा आरणीत ठेवत: झाडाच्या सावलीत ढीग आणि वर गवताचा जाड थर. बटाटा श्वास घेतो, उष्णता आणि बाष्प सोडतो. ते बाष्प गवत शोषून घेई आणि वाऱ्यावर सुकून जाई. वेगळी युक्ती करावी लागत नसे.

कौलांनीही हेच काम केले. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यावरून देशावरही पोचले. भाजलेली माती थोडी ओल पिते, सांध्यांतून हवा निघून जाते.

नागमोडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये 1829 मध्ये हेन्री पामर यांनी घेतले होते. पत्रा हलका, स्वस्त आणि टिकाऊ. पण तो ओल पीत नाही आणि निरभ्र रात्री आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. 25 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम बाष्प मावते, 10 अंशांना जेमतेम साडेनऊ. मालावरची उबदार हवा पत्र्याला टेकली की उरलेले बाष्प थेंब होऊन खाली टपकते आणि वरचा थर सडतो. हिवाळ्यात हे जास्त जाणवते.

कांद्याच्या बराखीत, म्हणजे चाळीत, यावर उपाय झाला तो हवेच्या वाटेचा. राष्ट्रीय कांदा व लसूण संशोधन केंद्र 1994 मध्ये स्थापन झाले आणि 1998 मध्ये शेजारच्या राजगुरुनगरला आले. केंद्राच्या सुधारित चाळीत तळ जमिनीपासून उचललेला, बाजू फटींच्या, थर चार-पाच फुटांचा आणि छपरासाठी लोखंडी पत्र्याऐवजी कौल किंवा सिमेंटचा पत्रा, अशी शिफारस असते. गवताच्या छपराखाली जे फुकट मिळत होते, ते असे आखून परत आणावे लागले.

शीतगृहाचे गणित उलटे. तिथे हवा खेळवून भागत नाही, ती अडवावी लागते. जुन्या धाटणीच्या बटाटा शीतगृहांत अमोनियाच्या नळ्या माळ्यावर असत. गार हवा तिथून खालच्या खोल्यांत उतरे. भिंतींत आणि छतात आधी भाताचा तूस, पुढे थर्मोकोल आणि मग पफ (पॉलियुरेथेन फोम) भरले गेले. या थराच्या उबदार बाजूला डांबराचा किंवा प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा हवाच. तो चुकीच्या बाजूला बसला किंवा फाटला तर बाष्प आत शिरून थरातच पाणी साचते, तूस भिजतो आणि गारवा टिकत नाही. गार हवेच्या नळांनाही तोच नियम: सांधे बंद, आवरण अखंड.

पठारावर लागवडीला येणारे पंजाबी बियाणे मंचरच्या बाजारात विकले जाते. शीतगृहात दोन ते चार अंशांत राहिलेला असा बटाटा उन्हाळ्याच्या हवेत एकदम काढला तर त्यालाच घाम फुटतो. म्हणून गोणी आधी सावलीत, वारा लागेल अशा ठेवून सावकाश उबदार होऊ देतात. ओला बटाटा ढिगात गेला की कूज सुरू होते.