नामनिर्देशाचा दंडक

सन १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून परतत असता नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून वारले, आणि १७५१ पर्यंत ज्यांचे राज्य चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, नांदत होते त्या गोंडांविषयी त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेली टिपणे अप्रकाशित राहिली. ती हाती आली मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या. ग्रंथकार हयात नाही, फिर्याद करणारा कोणी नाही आणि प्रांताचे सारे दप्तर आपल्याच हुकमतीत, अशा स्थितीत परक्याचे श्रम स्वतःच्या नावे खपवणे त्यांना अवघड नव्हते. परंतु १८६६ साली त्यांनी ग्रंथ छापला तो हिस्लॉप यांच्या नावाने, आणि स्वतःकडे संपादनाचे व टीपा लिहिण्याचे काम तेवढे ठेवले. त्याच ग्रंथात लिंगोची गोंडी कथा आहे आणि ती एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, मुखातून उतरवून घेतलेली आहे. मुखपृष्ठावर मात्र त्या परधानाला जागा मिळाली नाही. चांद्याच्या अरण्यातील विद्येच्या इतिहासात सचोटी आणि तिची उणीव अशी एकाच ग्रंथात शेजारी नांदताना दिसते.

पन्नास वर्षांनी, १९१६ साली, सनदी अधिकारी रसेल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर कर्ता म्हणून रसेल आणि साहाय्यक म्हणून रायबहादुर हिरालाल, अशी प्रतवारी आहे. ती कितपत न्याय्य होती हा वादाचा प्रश्न आहे. पण पाने उलटून तळटीपांकडे पाहिले, तर अनेक प्रकरणांच्या आरंभीच हे लेखन अमुक तहसीलदाराच्या, अमुक शिक्षकाच्या टिपणांवर आधारलेले आहे असा कबुलीजबाब हुद्द्यासह छापलेला आढळतो. साहेबाच्या ग्रंथात नायब तहसीलदाराचे नाव यावे, ही त्या काळच्या सरकारी उतरंडीत लहान गोष्ट नव्हती. तरीही नामनिर्देशाचा हा दंडक कचेरीच्या पायरीपर्यंत येऊन थांबला. ज्याने माहिती सांगितली तो गावकरी बहुधा निनावीच राहिला.

१९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि कालांतराने या मुलखातील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. विद्येच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आता परीक्षेच्या रूपाने उभा राहिला. महाराष्ट्राने १९८२ साली परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा केला, आणि योगायोग असा की त्याच वर्षी, २६ ऑगस्ट रोजी, चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. परंतु कायदा झाला म्हणून वृत्ती बदलतेच असे नाही. १९९९ साली नागपूर विद्यापीठात पुनर्मूल्यांकनाच्या निमित्ताने गुण वाढवून दिल्याचे प्रकरण उजेडात आले, तेव्हा ज्या दप्तराने सचोटीचा दाखला द्यावयाचा तेच संशयाच्या भोवऱ्यात सापडले, आणि प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांच्या गुणपत्रिकांकडेही लोक विनाकारण साशंक नजरेने पाहू लागले.

२०११ साली चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीस स्थापन झाले. पुढे २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम देशभर लागू केले. त्यांच्यानुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारलेला प्रबंध सादर करावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्षाची बंदी, आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. तक्रार आल्यास आधी विभागाची आणि मग संस्थेची समिती चौकशी करते. विभागाच्या समितीत बाहेरच्या विभागातला एक ज्येष्ठ अध्यापक असतो, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य हिशेबात धरू नये, इतका बारकावा त्यात आहे.

हा बंदोबस्त आवश्यक आहे. मात्र साम्य मोजणारा संगणक छापील मजकुराची छापील मजकुराशी तुलना करतो, आणि या दोन जिल्ह्यांतील विद्येचा मोठा भाग अद्याप छापला गेलेलाच नाही. एटापल्ली वा भामरागडच्या एखाद्या माडिया म्हाताऱ्याने सांगितलेली वनौषधींची माहिती संशोधकाने मराठीत उतरवून आपलीच म्हणून मांडली, किंवा गावात पाऊल न ठेवता प्रश्नावल्या घरी बसून भरल्या, तर साम्याचा आकडा शून्य येईल आणि प्रबंध निष्कलंक ठरेल.

यावरचा उपाय गडचिरोली जिल्ह्यातच फार पूर्वी दाखवला गेला आहे. १९८६ पासून येथे काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. जन्म व मृत्यू यांची नोंद गावातल्या कार्यकर्त्याने करावयाची आणि ती सुटली तर नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा स्वतंत्रपणे घरोघर फिरावयाचे, अशी त्या कामाची रीत होती. आकडा जेथे जन्माला येतो तेथेच त्याची पडताळणी झाली, म्हणून पुढे तो आकडा जगापुढे टिकला.

विद्यापीठाच्या चौकशी समितीने साम्याच्या अहवालाबरोबर संशोधकाची मूळ टिपणवहीही मागवली पाहिजे: कोणत्या गावी, कोणत्या तारखेस, कोणी सांगितले आणि त्याची संमती होती काय. सांगणाऱ्याची इच्छा असेल तर त्याचे नाव प्रबंधात यावे, नसेल तर निदान त्याचे ऋण यावे. ही वही खोट्या माणसाला अडचणीची ठरेल. आणि ज्याच्यावर आकसाने बालंट आले आहे, त्याला तिच्याइतका सबळ पुरावा कोणताही संगणक देऊ शकणार नाही.