‘हितसंबंधी’विषयी टीप

१२. हितसंबंधी : ज्यांचे काम, पैसा किंवा वेळ एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला असतो ते सगळे, केवळ विकत घेणारे नव्हेत. लेखकाने वर ओझरता उल्लेखिलेला ‘कलिन्याचा घोळ’ म्हणजे २०१७च्या उन्हाळी परीक्षांना कलिना संकुलातून चालणाऱ्या मुंबई विद्यापीठाने सरसकट सर्व शाखांसाठी लावलेली ऑनस्क्रीन मूल्यांकन पद्धत. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायच्या होत्या. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

करार विद्यापीठ आणि कंत्राटदार यांच्यात होतो. लॉगिन मात्र अंधेरी-मुलुंडच्या प्राध्यापकाने करायचे असते. पान अस्पष्ट आले तर अडतो तो, आणि त्याच्यामागे पुढच्या प्रवेशाची तारीख मोजत बसलेला विद्यार्थी. परदेशी विद्यापीठ तर मुंबईच्या वेळापत्रकाला बांधलेले नसतेच. प्राध्यापक आणि विद्यार्थी या दोघांना चाचणीच्या आधीच टेबलाशी बसवायला हवे होते, असे आमचे मत. तपासणाऱ्याला प्रशिक्षण देणे वेगळे, त्याला काय लागते हे विचारणे वेगळे. लेखक या दोन्हींत गल्लत करतो.

सर्वांत दुर्लक्षित घटक साधा होता : दोऱ्याने बांधलेली पुरवणी. स्कॅनिंगमध्ये मुख्य उत्तरपत्रिका आणि पुरवणीची ताटातूट होऊ लागली, तेव्हा विद्यापीठाने पुरवणी देणेच थांबवले. लांबलचक उत्तरे लिहिणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने तो प्रश्न मग मुंबई उच्च न्यायालयात गेला. — संपा.