जिभेखालचा बंध

गेल्या वर्षीं आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाबरोबर पिंपरीच्या संत तुकाराम नगरांत जाण्याचा प्रसंग आला. कारखान्यांच्या पट्ट्यांत वसलेली ही वस्ती. महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय येथेंच, दंतवैद्यकाचें एक मोठें महाविद्यालयहि येथेंच. आणि 2022 सालापासून मेट्रोचें स्थानकहि याच नांवानें उभें आहे. आमच्याबरोबर आजी, सून आणि तीन वर्षांचा नातू असे तिघे होते. मुलगा हुशार, हंसरा. परंतु 'आ' आणि 'पा' यांपलीकडे त्याची वाणी गेलेली नव्हती. आजींचें निदान घरींच ठरलें होतें. "जीभ जड आहे हो त्याची. खालचा पडदा कापला कीं पोर घडाघडा बोलूं लागेल," असें त्या वाटेंत दोनदां म्हणाल्या.

डॉक्टरांनीं मुलाची जीभ वर उचलून पाहिली. पडदा थोडा आखूड होता खरा. तथापि त्यांनीं शस्त्र हातीं न घेतां आधीं कान तपासून आणण्यास चिठ्ठी दिली. आजी रुष्ट झाल्या. "दुखणें तोंडाचें, आणि कान कसले तपासतां?" हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. गेल्या दोन हजार वर्षांत मोठमोठ्या शल्यवैद्यांनींहि तो आपल्या परीनें विचारला आहे, आणि कित्येकांनीं त्याचें चुकीचें उत्तर दिलें आहे. तोच इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा बंध म्हणजे काय तें पाहूं. आरशापुढें उभें राहून जीभ टाळूकडे उचलली असतां तिच्या खालीं मधोमध एक पातळ घडी ताणलेली दिसते. ती प्रत्येक मनुष्यास असते. तिचें असणें हा रोग नव्हे. ती फार आखूड वा फार पुढें चिकटलेली असेल, आणि त्यामुळें जिभेचें काम अडत असेल, तरच तिला दोष म्हणावयाचा. ही घडी म्हणजे एक स्वतंत्र दोरीच होय अशी पुष्कळ काळ समजूत होती. 2019 सालीं न्यूझीलंडमधील संशोधकांनीं शवविच्छेदन करून असें दाखविलें कीं, तोंडाच्या तळाशीं पसरलेलें जें आवरण आहे, तेंच जीभ उचलतांना घडीसारखें उभें राहतें. म्हणजे आखूड कोणती आणि साधारण कोणती, यांमध्यें निसर्गानें स्पष्ट रेघ ओढलेली नाहीं. म्हणूनच मोजण्याच्या रीतीप्रमाणें शंभर अर्भकांत चारांपासून अकरांपर्यंत हा दोष असल्याचे निरनिराळे आंकडे दिले जातात.

या शस्त्रक्रियेचें जुनें व स्पष्ट वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस याच्या वैद्यकग्रंथांत सांपडतें. जिभेचें टोंक चिमट्यानें धरावें, खालचा पडदा कापावा, आणि जवळच्या रक्तवाहिन्यांस इजा न होईल याची फार काळजी घ्यावी, असें तो सांगतो. परंतु त्याचा खरा मोठेपणा पुढच्या वाक्यांत आहे. जखम भरल्यावर पुष्कळ जण बोलूं लागले. पण एका मनुष्याची जीभ दांतांच्या बाहेर लांबवर येऊं लागली तरी त्यास वाचा म्हणून फुटली नाहीं, ही गोष्टहि तो प्रांजळपणें नमूद करितो. तत्त्व एकच असून परिणाम मात्र एकच नसतो, असा निष्कर्ष काढून तो थांबतो. तो मनुष्य बहिरा असावा असा आमचा तर्क आहे. सेल्ससनें तसें म्हटलेलें नाहीं. परंतु आजच्या डॉक्टरांस त्याची कथा ऐकतांच पहिली शंका हीच येईल.

आपल्याकडील ग्रंथ पाहिले तर आणखी एक मौज दिसते. सुश्रुतसंहितेंत मुखरोग 65 सांगितले असून त्यांत जिभेचे पांच आहेत. परंतु मुकेपण, नाकांत बोलणें आणि अडखळत बोलणें यांची गणना त्या जिभेच्या रोगांत नाहीं. ती वातव्याधींत केलेली आहे. कफासहित वायु शब्द वाहून नेणाऱ्या वाहिन्यांस अडवितो, त्यामुळें हे विकार होतात, अशी तेथें उपपत्ति आहे. ही उपपत्ति आज कोणी धरून चालणार नाहीं. पण वाणीचें मूळ जिभेच्या टोंकावर नसून आंत कोठें तरी खोल आहे, हा विवेक तींत आहे, आणि तो लहान नव्हे.

जिभेखालचा पडदा कापण्याचा आपल्याकडील प्रसिद्ध विधि आढळतो तो वैद्यकांत नव्हे, तर हठयोगांत. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठप्रदीपिकेंत खेचरी मुद्रेसाठीं असें सांगितलें आहे कीं, निवडुंगाच्या पानासारख्या तीक्ष्ण व स्वच्छ शस्त्रानें एका केसाइतकाच छेद घ्यावा, त्यावर सैंधव व हिरडा यांचें चूर्ण चोळावें, सात दिवसांनीं पुन्हा केसाइतका छेद घ्यावा, आणि असें सहा महिने चालवावें. पिंपरीवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच पुढें लोणावळें लागतें. तेथें स्वामी कुवलयानंदांनीं 1924 सालीं स्थापन केलेल्या कैवल्यधामांत अशा योगग्रंथांचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. हा प्रयोग कोणी घरीं करूं नये, हें सांगावयास नकोच. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, येथें जीभ सोडवावयाची ती बोलण्यासाठीं नव्हे, तर मागें घशांत वळवून स्तब्ध होण्यासाठीं. सुटी जीभ आणि वाणी या दोन वस्तु निराळ्या आहेत, याचा याहून ठळक दाखला कोणता द्यावा?

आमच्या मराठी घरांत मात्र शस्त्रापेक्षां सहाणेवर भरंवसा अधिक. बाळगुटींत वेखंडाचे वेढे देण्याची चाल पुष्कळांस आठवत असेल. वेखंडास संस्कृतांत वचा म्हणतात. वचेनें वाचा सुधारते ही श्रद्धा नांवाच्या साम्यानेंच दृढ झाली असावी. जिभेकडे संशयानें पाहण्यास आमच्या भाषेचेंहि थोडें साह्य आहे. ट, ठ, ड, ढ, ण आणि आमचा लाडका ळ हे वर्ण उच्चारतांना जिभेचें टोंक वर वळवून टाळूस लावावें लागतें, ही गोष्ट प्रातिशाख्यकारांनीं फार पूर्वीं नोंदून ठेविली आहे. बंध फारच आखूड असेल तर अशा वर्णांवर मूल अडखळूं शकेल. तथापि बहुतेक मुलें आपली वाट काढतात. कांहीं झालें तरी बंधामुळें मूल मुकें राहत नाहीं. अडखळणें निराळें आणि न बोलणें निराळें.

युरोपांत हा विवेक पुष्कळ काळ सुटला होता. तेथील सुईणी एका बोटाचें नख मुद्दाम वाढवून नवजात बालकाचा पडदा फाडीत असत. राजवाडाहि या घाईस अपवाद नव्हता. फ्रान्सचा चौथा हेन्री यास 27 सप्टेंबर 1601 रोजीं पुत्र झाला. बालकास नीट चोखतां येईना, म्हणून दोन दिवसांनीं गियमो नांवाच्या राजशल्यवैद्यानें जिभेखालचा बंध तीन वेळां कापला. ही हकीकत राजपुत्राचा वैद्य एरोआर याच्या रोजनिशींत आहे. हाच मुलगा पुढें तेरावा लुई म्हणून गादीवर आला. पडदा दोनच दिवसांनीं कापलेला असूनहि तो राजा जन्मभर तोतरा राहिला! पुढें अठराव्या शतकांत पेती या फ्रेंच शल्यवैद्यानें अशा सरसकट छेदांविरुद्ध इशारा दिला. रक्तस्राव आणि जीभ मागें उलटून श्वास कोंडणें हे दोन धोके त्यानें दाखवून दिले.

परंतु भ्रमाचा कळस व्हावयाचा होता तो 1841 सालीं. बर्लिनचा नामांकित शल्यवैद्य डीफेनबाख यानें तोतरेपणा घालविण्यासाठीं जिभेच्या मुळाशींच छेद घेण्यास प्रारंभ केला; कित्येकांच्या जिभेंतून त्यानें पाचरीएवढा तुकडा काढला. ईथर देऊन गुंगी आणण्याची युक्ति 1846 सालची. तेव्हां या वेदना रोग्यांनीं पूर्ण शुद्धीवर सोसल्या. इतर देशांतहि त्याचें अनुकरण झालें, आणि फळ मिळत नाहीं असें दिसतांच ती रीत टाकून देण्यांत आली.

विसाव्या शतकांत डब्याचें दूध व बाटली आली, आणि बाटलीस जिभेची तितकीशी अडचण भासत नसल्यामुळें हा बंध बराचसा विस्मृतींत गेला. स्तनपानाचें महत्त्व पुनः पटूं लागल्यावर तो परत आला, आणि या वेळीं योग्य जागीं आला. कारण नवजात बालकाच्या बाबतींत खरा प्रश्न बोलण्याचा नसून दूध पिण्याचा असतो, आणि खरी पीडा सोसते ती माता. स्तनांस चिरा पडतात, बाळ उपाशी रडतें, आणि घरचीं वडील माणसें तिलाच बोल लावितात. अशा वेळीं पडदा खरोखर आड येत असेल, तर बोथट टोंकाच्या कात्रीनें क्षणार्धांत तो कापतां येतो. रक्ताचे थोडे थेंब येतात, आणि बाळास लगेच अंगावर घेतां येतें. मोठ्या मुलांत मात्र गुंगी व टांके लागण्याचा संभव असतो. 2017 सालीं पांच प्रयोगांतील 302 अर्भकांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. छेदानंतर मातेच्या वेदना थोड्या काळापुरत्या कमी झाल्या, परंतु बाळाच्या चोखण्यांत निश्चित सुधारणा सर्वत्र दिसली नाहीं. 2024 सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेंहि सल्ला दिला तो असाच: आधीं बाळास अंगावर घेण्याची रीत सुधारून पाहावी, छेद मागाहून.

वरच्या ओठाच्या बंधाविषयीं तर याहून अधिक धीर धरावा. ओठ व हिरडी यांस जोडणारा हा पडदा जवळजवळ प्रत्येक नवजात बालकास स्पष्ट दिसतो. त्याच्यामुळें पुढच्या दोन दांतांत फट पडली म्हणून आईबाप घाबरतात. पण कायमचे सुळे येईपर्यंत, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, अशी फट बहुधा आपोआप बुजते. हल्लीं लेझरच्या साह्यानें हें काम सुबक होतें खरें. परंतु शस्त्र सुबक झालें म्हणून तें चालविण्याची गरज वाढत नाहीं.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य एकच. पडदा कापणें सोपें आहे; तो कापावा कीं नाहीं हें ठरविणें अवघड आहे. आणि जें मूल बोलत नाहीं, त्याच्या जिभेखालीं पाहण्यापूर्वीं त्याच्या कानांत पाहिलें पाहिजे. जें शब्द ऐकत नाहीं, तें शब्द बोलणार कोठून? जन्मानंतर थोड्या दिवसांतच कानांची परीक्षा होऊं शकते. वांद्र्यास 1983 सालीं अलि यावर जंग यांच्या नांवें बधिरांसाठीं राष्ट्रीय संस्था निघाली, तीहि याच कामासाठीं. पडद्यावर ठपका ठेवून घालविलेलीं दोन-तीन वर्षें मुलाच्या भाषेस पुन्हा मिळत नसतात. या प्रकरणांत भय आहे तें याचें.

आमच्या त्या छोट्या मित्राचे दोन्ही कान मंद निघाले. आतां त्यास श्रवणयंत्रें आहेत आणि रोज बोलण्याचा पाठहि आहे. मागच्या महिन्यांत त्याच्या घरीं गेलों असतां स्वयंपाकघरांत भांडें पडलें, आणि तो दचकून तिकडे वळला. आजींनीं डोळ्यांस पदर लावला. जिभेखालचा पडदा अद्याप होता तसाच आहे. त्याची आठवण आतां घरांत कोणी काढीत नाहीं.