अडथळ्यांच्या शर्यतींतील माणदेशकन्या

स्त्रियांच्या खेळांचा इतिहास पाहतांना कोणी किती वेगानें धांवलें अथवा किती लांब फेंकलें, एवढेंच पाहून भागत नाहीं. त्यांच्यासाठीं मैदानाचें दार केव्हां उघडलें, हेंही पाहावें लागतें. १९२८ सालीं ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रिया प्रथमच आठशें मीटर धांवल्या. शर्यतीनंतर कांहींजणी कोसळल्याच्या वार्ता पसरल्या, आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद झाली. पुरुष दमले म्हणून त्यांची शर्यत कोणी बंद केल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं! इटलीची सारा फांतीनी २०२४ सालीं रोम येथें ज्या हातोडाफेंकींत युरोपची विजेती ठरली, ती ऑलिंपिकमध्यें पुरुषांस १९०० पासून खुली होती. स्त्रियांस ती २००० सालीं सिडनी येथें मिळाली. तीन हजार मीटरच्या अडथळा-शर्यतीला, म्हणजे स्टीपलचेसला, त्याहूनही उशीर झाला. स्त्रियांसाठीं ती २००८ सालीं बीजिंग येथें प्रथम झाली.

त्या वेळीं सातारा जिल्ह्यांतील मोही गांवची ललिता बाबर एकोणीस वर्षांची होती. मोही हें माण तालुक्यांतलें गांव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यानें दुष्काळ तेथें पाहुणा नव्हे, घरचाच. लहानपणीं ती खो-खो खेळली. खांबाभोंवतीं गरकन् वळण्याची संवय पुढें पायांस उपयोगी पडली असेल, असें मानण्यास हरकत नाहीं. परंतु नांव झालें तें लांब पल्ल्यांत. मुंबई मॅरेथॉनमध्यें २०१२, २०१३ व २०१४ अशीं सलग तीन वर्षें भारतीय स्त्रियांत त्या पहिल्या आल्या.

येथें त्यांनीं वाट बदलली. बेचाळीस किलोमीटर एका लयींत धांवणाऱ्यास लय मोडणारी शर्यत सोयीची नसते. या शर्यतींत अठ्ठावीस वेळां अडथळा व सात वेळां पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळ्याची जाड तुळई पाय लागल्यानें पडत नाहीं. पडतो तो धांवणारा. पाण्यांतून बाहेर येतांना जोडे भिजून जड होतात, आणि पुढची फेरी उभीच असते. निकोलाय स्नेसारेव्ह या बेलारूसच्या प्रशिक्षकाच्या हाताखालीं त्यांनीं ही विद्या साधली.

२०१४ सालीं इंचॉनच्या आशियाई खेळांत त्या ९ मिनिटें ३५.३७ सेकंदांत तिसऱ्या आल्या. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेट हिला पंचांनीं आधीं बाद ठरविल्यानें रौप्यपदक ललिताबाईंकडे आलें होतें. मग तो निर्णय फिरला, आणि कांस्यच हातीं राहिलें. २०१५ सालीं वूहान येथें आशियाई अजिंक्यपदाचें सुवर्ण त्यांनीं मिळविलें, आणि त्याच वर्षीं बीजिंगच्या जागतिक स्पर्धेंत अंतिम फेरींत त्या आठव्या आल्या.

ऑगस्ट २०१६ मध्यें रिओ येथें प्राथमिक फेरींत ९ मिनिटें १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरींत गेल्या. १९८४ सालीं लॉस एंजलिस येथें पी. टी. उषा यांचें पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानें हुकलें होतें. त्यानंतर बत्तीस वर्षें धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत प्राथमिक फेरी पार करून ऑलिंपिक अंतिम फेरींत एकही भारतीय पोंचला नव्हता. अंतिम फेरींत ललिताबाई दहाव्या आल्या. पदकच मोजणाऱ्यांस दहावा क्रमांक दिसत नाहीं. पण जी शर्यत ऑलिंपिकमध्यें स्त्रियांसाठीं येऊन अवघीं आठ वर्षें झालीं होतीं, तींत माणदेशच्या मुलीनें जगांतल्या पहिल्या दहांत यावें, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच वर्षीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढें महाराष्ट्राच्या महसूल खात्यांत त्या अधिकारी झाल्या. त्यांचा विक्रम सात वर्षें टिकला. २०२३ सालीं बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेंत पारुल चौधरी हिनें ९ मिनिटें १५.३१ सेकंदांत धांवून तो मोडला.