ठाण आणि सोंग

शब्दांचा इतिहास सांगावा तो भाषापंडितांनी. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आमचे इंग्रजी शाळेच्या बाकावर झाले नाही. नोटिसा आणि करारांचे मसुदे वाचता वाचता झाले. परंतु मसुद्यातील एका शब्दावर शेकडो घरांची भाकरी अवलंबून असते. त्यामुळे शब्दाला त्याचे कूळ विचारण्याची सवय आम्हाला जडली. आज ‘पोझ’ या शब्दाचे कूळ पाहू.

मराठी माणसाला हा शब्द मुख्यतः छायाचित्रामुळे ओळखीचा आहे. इंग्रजीत मात्र त्याचे व्यवहार तीन. प्रश्न ‘पोझ’ करणे म्हणजे तो मांडणे. चित्रकारापुढे ‘पोझ’ देणे म्हणजे एका ढबीत स्थिर राहणे. आणि एखादा भामटा डॉक्टर म्हणून ‘पोझ’ करतो, तेव्हा तो सोंग घेतो. मांडणे, थांबणे आणि फसवणे एका छपराखाली आले कसे?

लॅटिनमध्ये दोन वेगळी क्रियापदे होती. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, मांडणे. ‘पाउसारे’ म्हणजे थांबणे, विसावणे. दुसऱ्यापासून फ्रेंच क्रियापद झाले; पण उच्चार जवळचा म्हणून पहिल्याचे अर्थही त्याच्याच पदरात पडले. तेथून इंग्रजीला ‘प्रपोज’, ‘अपोज’, ‘इम्पोज’ मिळाले. प्रस्ताव मांडणे, विरोध करणे, लादणे! सभेचे निम्मे कामकाज याच कुळातले. चौदाव्या शतकात चॉसरने ‘पोझ’ वापरला तो ‘वादापुरते असे धरू’ या अर्थाने. सोंगाचा अर्थ रूढ झाला तो थेट एकोणिसाव्या शतकात.

त्याच शतकात छायाचित्रण जन्मले. १८३८ च्या सुमारास दागेर यांनी पॅरिसमधील एका हमरस्त्याचे छायाचित्र खिडकीतून घेतले. तेव्हा प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. रस्ता वर्दळीचा, पण चालती माणसे आणि गाड्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. स्पष्ट दिसतो तो बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, कारण तो एका जागी उभा होता. त्याच्या पायाशी काम करणारा पॉलिशवाला मात्र पुसट आहे. त्याचे हात हलत होते. पुढे छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी आधार लावू लागले, आणि थांबण्याची ‘पोझ’ झाली.

या चित्रात आम्हाला श्रमाचा सारा इतिहास दिसतो. ज्याला थांबायची सवड, तो उमटतो. ज्याचे हात चालू, तो पुसला जातो. मग कष्टकऱ्याने उमटावे कसे? त्यानेही थांबावे. संप म्हणजे दुसरे काय? काम थांबवायचे आणि प्रश्न मांडायचा. लॅटिनमधली ती दोन्ही क्रियापदे संपात एकत्र येतात.

मात्र या थांबण्याला किंमत असते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार थांबले. त्यांतील हजारोंना पुन्हा गिरणीचे काम मिळाले नाही. त्या संपाच्या डावपेचांवर वाद आहेत, आणि ते व्हावेत. पण खोलीतले सामान विकून, गावाकडे पोरे धाडून जे थांबले, त्यांनी पोझ घेतली होती असे कोणी म्हणू नये.

आपल्या ‘भूमिका’ या शब्दालाही असेच दोन अर्थ आहेत. नट भूमिका करतो, संघटना भूमिका घेते. नटाची भूमिका पडदा पडला की संपते. संघटनेची भूमिका दुसऱ्या दिवशी सभासदाच्या चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून व्यासपीठावर कोणी, आम्हीसुद्धा, ‘आमची ठाम भूमिका’ असे म्हणू लागला, तर श्रोत्यांनी एवढेच विचारावे: ही भूमिका निभावताना तुमचे स्वतःचे काय जाणार आहे? काहीच जाणार नसेल, तर ती कोणत्या अर्थाची भूमिका, हे त्यांनीच ठरवावे.