दिनचर्या : हेमाद्रीपासून सर्जापूर रोडपर्यंत

मागे योगासनांवर बोललो होतो, तेव्हा पुष्कळांनी विचारलं की आयुर्वेदाचं काय? दोन्ही एकच ना? मी बंगळुरूत सर्जापूर रोडला राहतो. सकाळी कैकोंद्रहळ्ळीच्या तळ्याभोवती फिरताना कानावर मराठी पडतं, नागपूरचं, सोलापूरचं, बेळगावचं. बहुतेक मंडळी आयटीतली. कोणी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो, कोणी तेलाची चूळ भरतो, कोणी रोज शंभर सूर्यनमस्कार घालतो. आणि 'हजारो वर्षांचं एकच शास्त्र आहे,' हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी. इतिहास पाहिला तर ते तसं नाही. तसं नाही हे कळलं, तरच यातलं काय घ्यायचं ते ठरवता येतं.

वाग्भटाचं अष्टांगहृदय घ्या. साधारण सातव्या शतकातला हा ग्रंथ. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात दिनचर्या आहे. पहाटे उठणं, खैर, करंज, वड अशा झाडांच्या काडीनं दात घासणं, डोळ्यांत अंजन, नाकात औषध, चूळ, धूम, विडा, तेल, व्यायाम, उटणं, आंघोळ. या यादीत आसन नाही. प्राणायाम नाही. चरकसंहितेत योग येतो, पण शारीरस्थानात, मोक्षाच्या चर्चेत. वैद्याचा विचार संसारी माणसाचा: त्याला भूक लागावी, पोट साफ व्हावं, झोप यावी.

उलट पंधराव्या शतकातली हठप्रदीपिका घ्या. ती साधकासाठी आहे, कुटुंबवत्सल माणसासाठी नाही. पहाटेचं स्नान आणि उपास यांसारख्या शरीराला कष्ट देणाऱ्या गोष्टी टाळा, असं ती सांगते. धौती, बस्ती, नेती वगैरे षट्कर्मं सांगते, पण मेद आणि कफ जास्त असेल त्याच्यासाठी; बाकीच्यांनी त्यात पडू नये. वात, पित्त, कफ ही भाषा दोघांची, बोलणं मात्र वेगवेगळ्या माणसांशी.

आता महाराष्ट्राकडे या. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो तो, तेराव्या शतकातला. देवळांमुळे आणि मोडीमुळे नाव सगळ्यांना ठाऊक. पण त्यानं अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, हे फार थोड्यांना माहीत असतं. राज्याच्या कारभाराची जबाबदारी असलेला माणूस, दात कशानं घासावेत आणि किती व्यायाम करावा यावर बसून लिहितो. मला त्याचं कौतुक वाटतं. फौजेत शिकवतात की तुकडी लढाईआधी आजारानं गळते; हेमाद्रीला ते वेगळं सांगायची गरज नसावी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी 'सार्थ वाग्भट' मराठीत आणला आणि ही दिनचर्या संस्कृत न येणाऱ्या घरांत पोचली.

दोन्ही वाटा जवळ आल्या त्या विसाव्या शतकात, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांत आणले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि नमस्काराबरोबर आहाराचाही आग्रह धरला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, अंमळनेरला शिकवलं, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले आणि 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाचं क्ष-किरणांनी चित्रण केलं, आतड्यातला दाब मोजला, आणि नौलीत तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवलं. गुरूंच्या नावावरून त्या पोकळीला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. परंपरा सांगते म्हणून मान्य, असं त्यांनी केलं नाही. मोजलं. आज फोनवर नौली शिकवणारे किती जण हे करतात?

कर्नाटकाचं देणंही विसरू नका. कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचे बी. के. एस. अय्यंगार म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे शिकले आणि 1937 साली पुण्याला आले ते पुण्याचेच झाले. तिकडून एक माणूस पुण्याला गेला, आणि आता पुण्याची माणसं नोकरीसाठी इकडे.

म्हणजे आपण ज्याला 'योग आणि आयुर्वेद' म्हणतो, ती जोडी या रूपात जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण ती कोणीतरी निवडून, जुळवून बसवली आहे. वाग्भटाच्या यादीतला धूम आपण गुपचूप वगळला, अंजनही बहुतेकांनी सोडलं. तेव्हा 'शास्त्रात आहे' एवढ्यावर काही पोटात घेऊ नका, विशेषतः भस्मं. रक्तदाबाची गोळी बंद करून काढा सुरू करू नका. वैद्याला आणि डॉक्टरला, दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगा.

मग घ्यायचं काय? माझ्या मते मात्रा. वाग्भट व्यायाम अर्ध्या बळानं करायला सांगतो, तोही थंडीत आणि वसंतात, आणि ज्याचं खाणं स्निग्ध आहे अशा सशक्त माणसाला. बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. अर्ध बळ ओळखायचं कसं? सुश्रुतानं खूण दिली आहे: श्वास तोंडाशी येऊ लागला की थांबा. (आमच्या पीटीच्या उस्तादांना हे ऐकवलं असतं तर आणखी दोन चकरा मिळाल्या असत्या.) एप्रिलच्या उन्हात शंभर नमस्कारांचा हट्ट धरणाऱ्यानं हे वाचावं. अति करणाऱ्याला वाग्भट हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा देतो, आणि त्या 'अति'मध्ये व्यायामाबरोबर चालणं, बोलणं आणि जागरणही मोजतो.

जागरणाचं इथे महत्त्व आहे. आमच्या सोसायटीतली कितीतरी पोरं अमेरिकेच्या वेळेवर काम करतात. रात्री दोनला लॅपटॉप मिटतात आणि साडेचारला ब्राह्ममुहूर्त म्हणून गजर लावतात. एकाला मी सरळ विचारलं, "अरे, झोपतोस कधी?" तो म्हणाला, "काका, पण पहाटे उठायलाच हवं ना?" ब्राह्ममुहूर्ताचा नियम ग्रंथात निरोगी माणसासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. झोपेच्या प्रकरणात वाग्भटानं अशांची सोयही केली आहे: सवय नसताना रात्री जागरण झालं, तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपा, तेही काही न खाता. पोरगा खूश झाला. आता तो साडेसातला उठतो, डोक्याला, कानांना आणि तळपायांना तेल लावतो, कारण रोज सगळ्या अंगाला जमलं नाही तर निदान या तीन जागा सोडू नका असं वाग्भट म्हणतो, मग वीस मिनिटं आसनं, आणि आंघोळ. गरम पाणी मानेखाली, डोक्यावर नाही. हेही त्याच अध्यायात आहे.

पुढच्या भागात ऋतुचर्या घेऊ. बंगळुरूत तिचे सहा ऋतू कसे बसवायचे, यावर थोडं डोकं खाजवावं लागणार आहे.